चिंतेच्या गोळीची ‘पावर’ कशी ठरते: खेड्यातून उपचार घेणाऱ्यांसाठी

मेडिकलमध्ये जाऊन “जरा जास्त पावरची द्या” म्हणायची आपल्याकडे सवयच आहे. अंगदुखीत ते एक वेळ खपून जातं. चिंतेच्या, घाबरेपणाच्या गोळ्यांत मात्र याच सवयीने सगळ्यात जास्त लोक अडकतात. इथे डोस वजनावर ठरत नाही आणि त्रास किती मोठा आहे यावरही ठरत नाही. दोन सख्ख्या भावांना एकच औषध दिलं, तरी एकाला ५ मिलिग्रॅममध्ये बरं वाटतं आणि दुसऱ्याला २० लागतात, कारण प्रत्येकाचं यकृत औषध वेगवेगळ्या गतीने फोडतं. म्हणून डॉक्टर कमी मात्रेवर सुरुवात करतात आणि पायरी पायरीने चढतात.

ही चढण नीट व्हायची तर डॉक्टरांना माहिती लागते. ते तुम्हाला महिन्यातून दहा मिनिटं बघतात, उरलेले दिवस कसे गेले ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं. ते दिवस कागदावर कसे आणायचे, हा या लेखाचा मुख्य भाग आहे. खाली मिलिग्रॅमचे आकडे दिलेत ते हातातली चिठ्ठी समजावी म्हणून. त्यावरून स्वतःच्या मनाने गोळी सुरू करायची नाही, वाढवायची नाही, बंदही करायची नाही.

१. आधी धडधडीचं कारण शोधा

छातीत धडधड, हातापायाला कापरं, घाम, जीव घाबरा होणं, झोप उडणं ही चिंतेची लक्षणं खरीच. पण आणखी चार-पाच गोष्टींचीही हीच लक्षणं आहेत, आणि त्या तपासल्याशिवाय गोळीचा डोस कितीही बदलला तरी हिशेब जुळत नाही.

हिमोग्लोबिन, थायरॉईड (टीएसएच), साखर आणि बीपी एवढं तरी बघून घ्या. वय जास्त असेल किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर ईसीजीही. बायांमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की वावरातून घरी येईपर्यंत धाप लागते, आणि तिला “टेन्शन आहे” म्हणून परत पाठवलं जातं. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही विचारात घ्यावा लागतो. थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली किंवा दम्याचा पंप वारंवार ओढला, तरी हात थरथरतात.

खर्रा आणि चहा यांचाही हिशेब डॉक्टरांना सांगा. दिवसाला चार पुड्या खर्रा म्हणजे दिवसभर निकोटीन. त्याने नाडी वाढते, आणि उतरला की बेचैनी येते. लोक दोन्हीला चिंताच समजतात.

फवारणीच्या दिवसांत एक वेगळी काळजी घ्या. कपाशीवर औषध मारून आल्यावर घाम, लाळ, मळमळ, स्नायू फडफडणं, डोळ्याची बाहुली बारीक होणं, धूसर दिसणं असं काही झालं तर ती चिंता नव्हे, विषबाधा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी दगावले, ते विसरू नका. अशा वेळी कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी घेऊन थेट दवाखाना गाठा. घरातली घाबरेपणाची गोळी देत बसू नका.

२. कुठे जायचं, सोबत काय न्यायचं

मानसोपचार विभाग जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात असतो: नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं (लोक त्यांना ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ म्हणतात), यवतमाळ, अकोला, सेवाग्राम, सावंगी. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही ओपीडी आहे, आणि तिथे गेलं म्हणजे भरती करून घेतात ही भीती चुकीची आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम काही ठिकाणी ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात येते. तो वार आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून ठेवा, एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी वाचते. गावातल्या उपकेंद्रातून ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांशी बोलता येतं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे येतात, तिथे केसपेपर आणि तपासणीची फी विचारून घ्या.

सोबत न्यायचं ते असं:

– आधार कार्ड, जुना केसपेपर, सगळे रिपोर्ट
– सध्या चालू असलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी. नाव लिहून नेऊ नका, पट्टीच न्या. बीपी, शुगर, थायरॉईड, गुडघेदुखी, आयुर्वेदिक चूर्ण, सगळं
– पूर्वी चिंतेची कोणती गोळी घेतली, किती दिवस घेतली आणि का सोडली
– घरात कुणाला असाच त्रास असेल आणि एखादी गोळी लागू पडली असेल तर तिचं नाव
– घरचं एक माणूस, ज्याला तुमची झोप आणि चिडचिड दिसते

दारूबद्दल खरं सांगा. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी असल्यामुळे लोक “घेत नाही” म्हणून मोकळे होतात. डॉक्टर पोलिसात कळवत नाहीत. रोज घेणाऱ्याने अचानक सोडली की जे कापरं भरतं, त्याचा उपचारच वेगळा असतो. गरोदर असाल, बाळ अंगावर पित असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा.

३. चिठ्ठी वाचायला शिका

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एवढं कळलं तरी निम्म्या चुका टळतात, कारण एसओएसची गोळी रोज घेणारे आणि रोजची गोळी गरजेला घेणारे, दोन्ही भरपूर आहेत.

चिठ्ठीवर साधारण दोन जातींची औषधं असतात.

पहिली जात मुळावर काम करणारी: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन. ही रोज घ्यायची, बरं वाटो न वाटो. सवय लागणारी ही औषधं नाहीत, पण एकदम सोडायचीही नाहीत. एस्सिटालोप्राम बहुधा ५ मिलिग्रॅमवर सुरू होतं, आठवड्याभराने १० वर जातं आणि जास्तीत जास्त २० पर्यंत चढतं. ६५ वर्षांवरच्या माणसाला सहसा १० च्या पुढे नेत नाहीत. सर्ट्रालिन २५ वर सुरू होऊन ५० वर जातं, त्यापुढे गरजेप्रमाणे २०० पर्यंत. ५० आणि १० हे आकडे बघून “सर्ट्रालिन पाचपट पावरचं” असं समजू नका. दोन वेगळ्या औषधांचे मिलिग्रॅम एकमेकांशी ताडता येत नाहीत.

दुसरी जात लगेच शांत करणारी: क्लोनाझेपाम, अल्प्राझोलम, लोराझेपाम, डायझेपाम. अर्ध्या-एक तासात फरक पडतो, म्हणूनच लोकांना हीच “खरी” गोळी वाटते. पहिली जात लागू पडेपर्यंतचे दोन-चार आठवडे निभावून न्यायला ही देतात, क्लोनाझेपाम बहुधा ०.२५ किंवा ०.५ मिलिग्रॅम. जास्त दिवस चालली तर शरीराला सवय लागते, तेवढ्याच गोळीने भागत नाही आणि मग एकाच्या दोन होतात.

धडधड आणि कापरं कमी करायला कधी प्रोप्रानोलॉल देतात, १०, २० किंवा ४० मिलिग्रॅम. दमा असेल तर ते चालत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरल्याची धडधड त्यात लपते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी तुम्ही सांगा.

आता सगळ्यात मोठी भानगड: जोडगोळी. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं आणि ते सर्रास लिहिलंही जातं. सोय होते हे खरं, पण मुळावरचं औषध वाढवायचं म्हटलं तर झोपेचं (क्लोनाझेपाम) ही वाढतं, आणि झोपेचं बंद करायचं तर दोन्ही बंद होतात. वर्षानुवर्षं क्लोनाझेपाम घेणाऱ्या अनेकांना आपण ते घेतो हेच माहीत नसतं. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात दोन नावं आहेत का बघा. असतील तर डॉक्टरांना विचारा: “साहेब, ह्या दोन गोळ्या वेगवेगळ्या लिहून देता येतील का, म्हणजे एक वेगळी कमी करता येईल?” अगदी रास्त प्रश्न आहे, विचारायला संकोचू नका.

४. मेडिकलच्या काउंटरवर

कंपनी बदलली तरी चालतं, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम बदललेलं चालत नाही. जनऔषधी केंद्रात मूळ नावानेच स्वस्त मिळतं. पट्टी हातात आली की तीन गोष्टी चिठ्ठीशी ताडा: नाव, आकडा, आणि आकड्यातला टिंब. ०.२५ आणि ०.५ यांत दुपटीचा फरक आहे, ०.२५ आणि २ यांत आठपटीचा.

पट्टी कापून पाच-दहा गोळ्या घेता तेव्हा नाव आणि मुदत छापलेली बाजू बहुधा दुकानातच राहते. “नावाकडची बाजू मला द्या” म्हणा, नाहीतर त्या कोपऱ्याचा मोबाइलवर फोटो काढा. कागदाच्या पुडीत बिननावाच्या गोळ्या देणाऱ्या झोलाछाप दवाखान्यात डोस ठरवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण पुडीत काय आहे हेच कुणाला सांगता येत नाही.

अल्प्राझोलम, डायझेपाम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये येतात. दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. चिठ्ठीशिवाय तो देत नसेल तर भांडू नका, तो बरोबर करतोय. बिनचिठ्ठीचं देणाऱ्यापासूनच जपायला हवं.

५. पहिले पंधरा दिवस: इथेच बहुतेक जण सोडतात

पहिल्या जातीची गोळी सुरू केली की पहिले काही दिवस मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, तोंड कोरडं पडणं, झोप उडणं किंवा उलट जास्त येणं असं होऊ शकतं. चिंताही आधी थोडी वाढू शकते. लोकांना हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून चौथ्या दिवशी “गोळी गरम पडली” म्हणून बंद होते. बहुतेक त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. फायदा मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागतो, पुरता यायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्रास आधी आणि गुण नंतर, हा क्रम माहीत असेल तर माणूस टिकतो.

मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या. झोप उडत असेल तर सकाळी, गुंगी येत असेल तर रात्री. वेळ बदलायची परवानगी डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत घेऊन ठेवा, म्हणजे तेवढ्यासाठी चाळीस किलोमीटर यावं लागत नाही. एखाद दिवशी विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही.

क्लोनाझेपाम घेऊन रात्री ओलिताला किंवा जागलीला जाऊ नका. अंधारात विहिरीचा काठ, ओला स्टार्टर, साप, आणि डोळ्यावर गुंगी! विजेची लाईन रात्रीची असेल तर ते डॉक्टरांना सांगा, ते वेळ किंवा औषध बदलतील. नवीन डोस सुरू केल्यावर पहिले काही दिवस ट्रॅक्टर, थ्रेशर आणि मोटरसायकल दुसऱ्याकडे द्या. नवीन औषध ऐन पेरणीच्या किंवा सवंगणीच्या गर्दीत सुरू करायचं नसेल तर तसंही सांगता येतं, त्रास फार नसेल तर आठ-दहा दिवस पुढे ढकलायला हरकत नसते.

६. वही

शाळेची शंभर पानी वही पुरते. मोबाइलमध्ये नको, कारण ओपीडीत डॉक्टरांना एका नजरेत दाखवायची आहे. रोज झोपण्याआधी एक ओळ, त्यात सहा रकाने:

तारीख | गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता | झोप किती तास | चिंता ० ते १० | शरीराचा त्रास | वेगळं काही

नमुना असा: “१२ तारीख | एस्सिटालोप्राम १०, सकाळी ८ | ५ तास | ६ | मळमळ थोडी | चुलत्याच्या तेरवीत दोन खर्रे, जेवण उशिरा.”

शेवटच्या रकान्याला फालतू समजू नका. सावकाराचा माणूस येऊन गेला, पाळी आली, दारू झाली, गोळी विसरली, दुसऱ्या कशाची गोळी घेतली, हे तिथेच येतं. आकडा ९ वर गेला तो डोस कमी पडला म्हणून की त्या दिवशी बँकेची नोटीस आली म्हणून, हे दीड महिन्यानंतर कुणालाही आठवत नाही. नोटिशीमुळे चढलेल्या आकड्यावर डोस वाढवला गेला, तर महिन्याभराने नुसती गुंगी पदरात पडते.

दर पंधरा दिवसांनी ‘जीएडी-७’ ही चिंता मोजायची प्रश्नावली भरा. ओपीडीत मागितली तर मिळते. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र असं धरतात. सुरुवातीचा आकडा निम्म्यावर आला तर गोळी लागू पडतेय. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा, तो रोज विचारून लिहील. फक्त तुम्ही काय घेता हे त्याला कळलेलं चालेल का, तेवढं आधी ठरवा.

७. डोस कधी बदलायचा

दुसऱ्या भेटीला वही समोर ठेवली की डॉक्टर साधारण असा विचार करतात. चार आठवडे एकही दिवस न चुकवता घेतली आणि आकडा हललाच नाही, तर एक पायरी वर. थोडा हलला, तर आणखी दोन आठवडे थांबायचं किंवा वर जायचं. चिंता उतरली पण दिवसभर डोळे मिटतात, तर बहुधा क्लोनाझेपाम जास्त होतंय, मुळावरचं औषध नव्हे. पुरेशा डोसवर सहा-आठ आठवडे काढूनही फरक नाही, तर औषधच बदलायचं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. गोळी वाढवली त्याच आठवड्यात खर्रा सोडला आणि चहाही बंद केला, तर बेचैनी कशाने आली ते सांगता येत नाही. खर्रा सोडाच, पण तारीख वेगळी ठेवा.

डॉक्टर बदलण्याचा घोळ इथे सगळ्यात महाग पडतो. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून दुसरा डॉक्टर, पुन्हा पंधरा दिवसांनी तिसरा. प्रत्येक जण नव्याने छोट्या डोसवर सुरू करतो. सहा महिने आणि हजारो रुपये जातात, आणि माणूस कामाच्या डोसपर्यंत एकदाही पोचत नाही. मग “मला कुठलीच गोळी लागू पडत नाही” असं तो सांगत फिरतो. एका डॉक्टरकडे किमान दोन महिने काढा. बदलायचाच असेल तर वही आणि चिठ्ठ्या घेऊन जा, म्हणजे नवीन डॉक्टर पहिल्या पायरीपासून सुरू करणार नाही.

लैंगिक इच्छा कमी होणं किंवा वीर्यपतन लांबणं हा या औषधांचा नेहमीचा त्रास आहे. पुरुष तो सांगत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात. “साहेब, संबंधात अडचण येते” एवढं म्हटलं तरी डॉक्टरांना पुढचं कळतं, आणि त्यावर उपाय असतो.

८. कशासोबत काय चालत नाही

दारू आणि क्लोनाझेपाम एकत्र गेलं तर श्वास मंदावतो. देशी असो की मोहाची, फरक नाही. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन रोज घेत असाल तर पहिल्या जातीच्या औषधांसोबत पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. सीआर, एसआर, एक्सआर असं लिहिलेली गोळी अर्धी करू नका, कुटू नका, ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते. अर्धी करायचीच असेल तर मध्ये रेघ असलेली गोळी मागा.

उन्हाळ्याचंही बघावं लागतं. मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. गोळ्या ३० अंशांखाली ठेवायला सांगतात, म्हणून गाडीची डिक्की आणि टिनाजवळचा कोनाडा सोडून आतल्या गार, कोरड्या खोलीत डब्यात ठेवा. म्हाताऱ्या माणसांत या औषधांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलायला लागले, सुस्त पडले, तोल जायला लागला, तर “वय झालं” म्हणू नका, सोडियम तपासा.

९. तेव्हा भेटीची तारीख बघत बसू नका

जीव द्यावासा वाटणं किंवा तसं बोलणं. यात २५ वर्षांखालच्यांवर पहिले काही आठवडे आणि प्रत्येक डोसबदलानंतर घरच्यांनी विशेष लक्ष ठेवायचं. ताप, खूप घाम, स्नायू आखडणं किंवा फडफडणं, पातळ शौच आणि प्रचंड बेचैनी एकत्र येणं. झटका येणं, बेशुद्ध पडणं. अंगावर पुरळ उठून ओठ-चेहरा सुजणं. झोपच न लागता अंगात एकदम जोर संचारणं, भरमसाट बोलणं, उधळपट्टी. यातलं काहीही झालं तर जवळचं रुग्णालय किंवा १०८ ची गाडी. बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६.

पहिले दोन महिने गोळ्यांचा साठा घरच्या दुसऱ्या माणसाकडे ठेवा. फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा, आणि चावी तिसऱ्याकडे.

१०. गोळी उतरवणं

बरं वाटायला लागलं की डोस सापडला, पण काम संपलेलं नसतं. त्या डोसवर साधारण सहा महिने ते वर्षभर राहायला सांगतात. गोळ्या संपण्याच्या सात दिवस आधी पुढचा साठा आणा, पोळ्याला किंवा दिवाळीत ओपीडी बंद असली की खाडा पडतो. खाडा पडला तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं वाटणं सुरू होतं. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलम अनेक महिने घेतलेल्याने एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात.

उतरताना डॉक्टर काही आठवडे ते काही महिने घेतात. दोन्ही जाती चालू असतील तर सहसा झोपेची आधी उतरवतात, तीही पाव-पाव करत, दर पायरीला दोन आठवडे किंवा जास्त. उतरतानाही वही चालू ठेवा. पायरी उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चक्कर, करंट आणि चिडचिड आली आणि आठ-दहा दिवसांत विरली, तर ते बहुधा औषध कमी झाल्याचं. तीन-चार आठवड्यांनी जुनी चिंता हळूहळू वर यायला लागली, तर आजार परततोय, आणि डॉक्टर एक पायरी मागे जातील. तारखा लिहिलेल्या असतील तरच हे दोन्ही वेगळे ओळखता येतात. उरलेल्या गोळ्या शेजारच्या वहिनींना देऊ नका, मेडिकलवाल्याला विचारून त्यांची विल्हेवाट लावा.